सतरा नंबरचा दुसरा कागद

१

बेचाळीस माणसं परीक्षेला बसली होती आणि उत्तरपत्रिका निघाल्या त्रेचाळीस.

नोंदणीताईने त्या पहिल्यांदा मोजल्या तेव्हा तिला वाटलं, आपलंच चुकलं. आपलंच चुकलं असं वाटणं हा तिचा जुना जोडधंदा होता. पगार फक्त नोंदणीचा मिळायचा. दुसऱ्यांदा तिने बोट ओलं करून मोजल्या, तिसऱ्यांदा दहा-दहाचे गठ्ठे घालून. चौथ्यांदा ती उलट मोजत आली, बेचाळीसवरून खाली. शून्यावर पोचली तरी हातात एक कागद होताच.

एखादी उत्तरपत्रिका हरवली असती तर गोष्ट वेगळी होती. हरवलेल्या वस्तूसाठी संस्थेत छापील अर्ज होता, तीन प्रतींत भरायचा. वाढलेल्या वस्तूसाठी कुणी अर्ज छापला नव्हता, कारण चोर येऊन काहीतरी ठेवून गेल्याची तक्रार आजवर कुणी केली नव्हती.

संस्था इंग्रजी शिकवायची. टायरच्या दुकानावर तिसरा मजला, चार वर्ग, एक कार्यालय. नवीन आलेल्याला कुठल्या पायरीवर बसवायचं हे ठरवायला वर्षातून दोनदा परीक्षा व्हायची. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार गोल, बरोबर वाटेल तो पेन्सिलने काळा करायचा. कागदावर नाव नाही. नंबरसुद्धा गोल काळे करूनच लिहायचा, म्हणजे अक्षरावरून कुणाला कोणी ओळखू नये. शनिवारी परीक्षा झाली होती. आज सोमवार. दुपारी चार वाजता खालच्या काचेच्या फळ्यावर यादी लागायची होती, आणि आत्ता दहा वाजून गेले होते.

तपासणी सर करायचे. त्यांच्याकडे पन्नास भोकं पाडलेला एक पुठ्ठा होता. तो उत्तरपत्रिकेवर ठेवला की भोकांतून जितकं काळं दिसेल तितके गुण. पुठ्ठा ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत आणि जेवतानाही काढत नसत, त्यामुळे जेवताना ते जरा ताठ बसत.

साडेअकरापर्यंत सरांनी सगळे कागद तपासले आणि दोन कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडले. दोन्हींवर नंबर एकच होता, सतरा. एकाला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस होते. दुसऱ्याला अकरा.

"नियम अकरावा," सर म्हणाले. नियमांच्या बाबतीत त्यांना कधी पुस्तक उघडावं लागत नसे. "एका नंबरच्या दोन उत्तरपत्रिका निघाल्या तर दोन्ही रद्द, आणि उमेदवार एक वर्ष बाद. कोण आहे हा सतरा?"

नोंदणीताईने रजिस्टर उघडलं. उघडायची काही गरज नव्हती. सतरा नंबर तिची सख्खी वहिनी होती.

२

वहिनी औषधांच्या कारखान्यात कामाला होती. औषधाच्या खोक्यात घडी घालून जो बारीक अक्षरांचा कागद असतो, जो उघडला की पुन्हा तसाच मिटता येत नाही, तो बरोबर छापलाय का हे ती तपासायची. नऊ वर्षं. आता कारखान्यात नवं यंत्र येणार होतं. ते चालवायला शिकण्यासाठी एका माणसाला यंत्र बनवणाऱ्यांच्या शहरात सहा महिने पाठवायचं होतं. शिकवणारे इंग्रजीतून शिकवणार, म्हणून कारखान्याने अट घातली: चौथ्या पायरीचं पत्र सोमवारी संध्याकाळपर्यंत आणा. वहिनीने आणलं तर वहिनी. नाहीतर साहेबांचा भाचा, जो आजवर सगळ्या कसोट्यांना उतरला होता, वेळेवर येण्याची सोडून.

वहिनी घरात मोजकंच बोलायची. पण शनिवारी निघताना ती नोंदणीताईला म्हणाली होती, "ताई, हे मिळालं ना, तर मी पहिल्यांदा स्वतःसाठी बॅग भरीन." एवढं लांब वाक्य तिने त्याआधी बहुधा लग्नात उखाणा म्हणून घेतलं असावं.

तेव्हापासून नोंदणीताईच्या डोक्यात एक काळजी होती. आता त्या काळजीला सोबत मिळाली. कारण अकरा गुणांच्या कागदाच्या कोपऱ्यात एक डाग होता. काळपट, तेलकट, अंगठ्याएवढा. सरांना तो दिसला नव्हता. नोंदणीताईला दिसला, कारण तो डाग तिच्या घरातल्या प्रत्येक टॉवेलवर, दिव्याच्या प्रत्येक बटणावर आणि एकदा तर वाढदिवसाच्या केकवरही होता.

तिचा दादा लिफ्ट दुरुस्त करायचा.

आणि दादाला वहिनीचं जाणं फारसं मानवलं नव्हतं. नको जाऊ, असं तो एकदाही म्हणाला नाही. तो फक्त अधूनमधून म्हणे की सहा महिने म्हणजे एकशे ऐंशी दिवस, आणि मग कुणीतरी उलट उत्तर दिल्यासारखा उठून बाहेर जाई. वहिनी एक वर्ष बाद झाली तर फायदा कोणाचा, हा हिशोब नोंदणीताईला नको असताना डोक्यात आपोआप झाला. उत्तर दोनदा तपासलं तरी तेच येत होतं.

तिने डागावर हळूच हात ठेवला.

"सर," ती म्हणाली, "सतरा नंबर माझी वहिनी आहे."

सरांनी चष्मा काढला. मग त्यांनी उत्तरपत्रिकांच्या कपाटाच्या किल्लीकडे पाहिलं, जी शनिवारपासून नोंदणीताईच्या गळ्यात होती.

३

मुलाखतवाल्या मॅडमना बोलावण्यात आलं. लेखी परीक्षेनंतर त्या प्रत्येकाशी दोन मिनिटं इंग्रजीत बोलत. त्यावर पायरी ठरत नसे, पण नोंद राहात असे. सतरा नंबरची नोंद त्यांनी वाचून दाखवली, आणि वाचताना त्यांचा स्वतःवरचा विश्वास कमी कमी होत गेला.

आज कसं वाटतंय, असं त्यांनी विचारलं होतं. उमेदवार म्हणाली, त्रास वाढल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरी कोण कोण असतं, या प्रश्नावर तिचं उत्तर होतं, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे. मोकळ्या वेळात काय करता, यावर ती बराच वेळ छताकडे पाहात राहिली आणि म्हणाली, जेवणानंतर दोनदा.

"या बाईला अठ्ठेचाळीस?" मॅडम म्हणाल्या. "अकरा म्हणा, मी मान्य करते."

सरांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यात गोष्ट आता सरळ बसली होती. वहिनीने अकरा गुणांचा कागद दिला. नणंदेने रविवारी कपाट उघडून अठ्ठेचाळीसचा घुसडला. त्यांनी हे बोलून दाखवलं नाही. नोंदणीताईकडची किल्ली मागून घेतली आणि रुमालात गुंडाळली, जणू तिच्यावर काही उमटलंय.

बाहेर बाकावर सकाळपासून एक इंजिनियर बसून होता. चौथ्या पायरीत जागा बारा, आणि गुणांच्या क्रमाने हा तेरावा. त्याला अजून काही कळलेलं नसावं, पण आतून आवाज वाढला की तो नम्रपणे दाराच्या दिशेने एक वीतभर सरकायचा. सकाळी तो बाकाच्या त्या टोकाला होता. आता या टोकाला होता.

त्याच्या शेजारी चेकरकाकू बसल्या होत्या. काकू बसमध्ये तिकीट तपासनीस होत्या, चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर घरात तपासायला नवरा सोडून काही उरलं नाही, आणि तो प्रामाणिक निघाला. म्हणून त्यांनी इंग्रजीला नाव घातलं. तिसऱ्या पायरीला तेवीस गुण लागत. सरांनी सकाळी फोनवर त्यांना बावीस सांगितले होते, आणि त्या एका गुणाचा तपास करायला त्या आल्या होत्या.

दार उघडंच होतं, आणि काकूंचे कान चालत्या बसमध्ये मागच्या सीटवरची कुजबुज ऐकायला तयार झालेले. त्या आत आल्या.

"माझा एक गुण नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी हे बघू. दोन्ही कागद दाखवा."

सर म्हणाले की उमेदवाराला उत्तरपत्रिका दाखवणं नियमात बसत नाही. काकूंनी विचारलं की दोन उत्तरपत्रिका नियमात बसतात का. सर गप्प झाले, आणि गप्प बसलेला माणूस बाजूला सरकतो हा काकूंचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

४

काकूंनी अकरा गुणांचा कागद आधी उचलला. डाग दिसला तसा त्यांनी नोंदणीताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, क्षणभरच. नोंदणीताईने चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. तिकीट नसलेला प्रवासी खिडकीबाहेर बघतो तसा तो दिसला असावा.

काकूंनी सरांना त्यांचा पुठ्ठा त्यावर ठेवायला सांगितला. पहिल्या दहा प्रश्नांत याचे किती बरोबर? सरांनी मोजले. दोन. शेवटच्या दहांत? तीन.

"पहिले दहा सोपे असतात ना?"

सर म्हणाले की पहिले दहा इतके सोपे असतात की अगदी कच्च्या उमेदवारालाही त्यातले सात-आठ येतात. शेवटचे दहा मात्र भल्याभल्यांच्या तोंडाला फेस आणतात. काकूंना स्वतःला शेवटच्या दहांत एक आला होता, हेही सरांनी नको तितक्या स्पष्टपणे सांगितलं.

"मग सोप्यात दोन आणि अवघडात तीन, असा माणूस कुठे असतो?"

काकूंनी पुढचं सावकाश मांडलं. थोडं इंग्रजी येणाऱ्याचे बरोबरचे गोल वरच्या बाजूला गोळा होतात आणि खाली विरळ होत जातात. याचे तर पसरलेत, वर दोन, मध्ये सहा, खाली तीन. मुद्दाम नापास व्हायचं असेल तर माणूस बरोबर गोल टाळतो, त्याला अकरासुद्धा मिळत नाहीत. आणि चार गोलांतला कुठलाही एक डोळे मिटून काळा केला, तर पन्नासांत साधारण बारा बरोबर येतात. अकरा, बारा, तेरा.

"हा कागद ज्याने भरला," काकू म्हणाल्या, "त्याने प्रश्न पाहिलेलेच नाहीत."

सरांनी पुठ्ठा उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा मोजलं. गणित त्यांचं आवडतं होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या बाजूने आलेलं त्यांना आवडत नसे.

मॅडमनी विचारलं की समजा तसं असेल, तरी अठ्ठेचाळीस कुठून आले. काकूंनी उलट विचारलं की ही सतरा नंबर काम काय करते. नोंदणीताईने सांगितलं. मॅडमनी आपली नोंद पुन्हा काढली आणि तिन्ही उत्तरं मनातल्या मनात वाचली. त्यांचे कान लाल झाले. नऊ वर्षं रोज आठ तास इंग्रजी वाचणारी बाई त्यांच्यासमोर बसली होती, आणि तिच्याशी तोवर कुणी त्या भाषेत बोललंच नव्हतं.

"वाचता येतं, बोलता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. वाक्यं तिन्ही अगदी शुद्ध होती."

सर मात्र हटले नाहीत. अठ्ठेचाळीसचा कागद वहिनीनेच भरला कशावरून? किल्ली कोणाकडे होती?

काकूंनी विचारलं की नोंदणीताईने कधी ही परीक्षा दिली होती का. दिली होती, नोकरीला लागली त्या वर्षी. सरांनी जुनी फाइल काढली. तिला पन्नासपैकी एकोणतीस होते. त्यांनी तो आकडा मोठ्याने वाचला, मॅडमनी ऐकला, आणि दारातून इंजिनियरनेही ऐकला. उत्तरांचा पुठ्ठा तर सरांच्या खिशातून कधी निघालाच नव्हता. मग एकोणतीसवाली बाई अठ्ठेचाळीसचा कागद आणणार कुठून?

नोंदणीताईचा निर्दोषपणा तिच्या अज्ञानावर उभा राहिला, आणि तिथे तो बऱ्यापैकी भक्कम होता.

घड्याळात सव्वादोन झाले होते. काकू मात्र अजून तो कागद बोटांनी चाचपत होत्या, मागच्या कोऱ्या बाजूने. त्यांचं बोट एकदम थांबलं.

५

"खाडाखोड केलेलं तिकीट मी अंधारात ओळखायची," काकू म्हणाल्या. "इकडे या, हात लावा."

कागदाच्या मागच्या बाजूला दोन तऱ्हेच्या खुणा होत्या. काही जागी कागद बाहेर फुगला होता. ते पुढून काळे केलेले गोल. पण त्यांच्या अधूनमधून बारीक खड्डे होते, आणि त्या खड्ड्यांचा पुढच्या गोलांशी काही संबंध नव्हता. काकूंनी अकराचा कागद पालथा ठेवला आणि त्यावर अठ्ठेचाळीसचा सुलटा, कडेला कड लावून. मग टाचणी मागितली आणि वरच्या कागदाचा एकेक काळा गोल टोचत गेल्या. प्रत्येक टोक बरोबर खालच्या खड्ड्यात उतरलं. पहिले दहा टोचून झाल्यावर सरांनी टाचणी त्यांच्या हातातून घेतली आणि उरलेले स्वतः टोचले.

सगळे जुळले. नंबरसुद्धा.

म्हणजे अठ्ठेचाळीसचा कागद भरला जात होता तेव्हा अकराचा त्याच्या खाली होता, पालथा, पॅडवर टेकू म्हणून. प्रश्न परीक्षेच्या खोलीतच उघडले गेले, तेव्हा वरचा कागद तिथेच भरला. खालचा त्याआधी कधीतरी, प्रश्न नसताना. वेळ संपल्यावर सतरा नंबरने घाबरून चिमट्याखालचं सगळंच हातात दिलं, आणि नोंदणीताईने डोकी मोजली, कागद मोजले नाहीत.

"आणि फसवायचंच असतं," काकू म्हणाल्या, "तर तिने कागद बदलला असता, वाढवला नसता. खोटं तिकीट दाखवणारा सोबत खरं दाखवत नाही."

बाहेरच्या बाकावरून इंजिनियर एक वीतभर मागे सरकला.

सरांचा शेवटचा प्रश्न उरला होता आणि तो नेमका होता. कोरी उत्तरपत्रिका परीक्षेआधी बाहेर गेलीच कशी? नोंदणीच्या वेळी प्रत्येकाला गोल भरायचा सराव म्हणून एक कागद मिळतो, पण त्यावर आडवा 'सराव' असा शिक्का असतो. यावर नाही.

नोंदणीताईला उत्तर माहीत होतं. गेल्या पाच सेकंदांपासून माहीत होतं, आणि त्या पाच सेकंदांत तिने कपाट, खिडकी आणि राजीनामा या तिन्हींचा विचार केला. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली होती. टाचण्या संपल्या, अर्ज संपले, सरावाचे कागद संपले. उरलेल्या सहा जणांना, त्यात वहिनीही होती, तिने खऱ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून एकेक देऊन टाकला. एक गोल दुसऱ्या गोलासारखाच असतो, असं तिला वाटलं होतं. नंतर रजिस्टरात तिने 'शिल्लक बरोबर' असं लिहिलं, कारण सगळेच तसं लिहितात.

गप्प राहिली तर वहिनी बाद. बोलली तर कदाचित स्वतः.

"सर, तो मीच दिला," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, फक्त प्रत्येक वाक्याआधी 'म्हणजे' म्हणाली.

सरांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून 'शिल्लक बरोबर' वाचलं. मग म्हणाले की तिला लेखी खुलासा द्यावा लागेल, दोन पानी, आणि त्यात एकदाही 'म्हणजे' नको. सरावासाठी दिलेला कागद शिक्का असो वा नसो, उत्तरपत्रिका ठरत नाही. तेव्हा नियम अकरावा इथे लागू नाही. फक्त एक. हा कागद कोणी भरला आणि त्यावर सतरा नंबर का टाकला, एवढं सतरा नंबरने येऊन सांगावं. चारच्या आत.

नोंदणीताईने फोन उचलला. तिचं बोट डागावर होतं.

६

वहिनी साडेतीनला आली, कारखान्याच्या निळ्या कोटातच. मागे दादा होता, हातात पक्कड तशीच. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण बायकोला संस्थेतून बोलावणं आलंय म्हटल्यावर तो एका इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये सोडून आला होता. लिफ्टमध्ये कुणी नाही, हे त्याने दोनदा सांगितलं.

वहिनीने कागद पाहिला आणि तिला काही उलगडेना. पॅड खडबडीत होतं, म्हणून टेकूला हा होता तसा पालथाच ठेवला होता. पण तिच्या मते तो कोरा होता. तिने सराव केलाच नव्हता. खरा कागद वाया जाऊ नये म्हणून ठेवून दिला होता. तिने कागद सुलटा केला, पन्नास काळे गोल पाहिले, मग कोपऱ्यातला डाग पाहिला. आणि मान न वळवता विचारलं, "अहो, हे काय?"

दादाने पक्कड या हातातून त्या हातात घेतली.

नोंदणीताईला वाटलं आता तो खोटं बोलेल, आणि तिला आयुष्यभर ते माहीत असेल. पण दादा खालच्या आवाजात, तुकड्या-तुकड्यांत सांगू लागला. गेल्या मंगळवारी काम लवकर आटोपलं. घरी कोणी नव्हतं. टेबलावर पॅड होतं, त्यावर हा कोरा कागद होता, पेन्सिल होती, हिचं परीक्षेचं ओळखपत्र होतं. ही शनिवारी तिथे जाऊन नेमकं काय करणार, ते करून बघावंसं वाटलं. म्हणून बसला. ओळखपत्रावरचा नंबर होता तो आधी भरला, कारण त्याचा स्वतःचा नंबर काही नव्हता. मग पन्नासच्या पन्नास गोल भरले. पाऊण तास लागला. मग लाज वाटली, तेव्हा कागद पालथा करून होता तिथे ठेवला.

"पण प्रश्न नव्हते ना तुझ्याकडे," नोंदणीताई म्हणाली.

"नव्हते. म्हणून तर भरता आले."

मॅडम खिडकीकडे गेल्या. सरांनी खिशातला पुठ्ठा उगाच नीट केला. काकूंनी दादाकडे पाहिलं आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा काहीच मागितलं नाही.

वहिनी कागदाकडेच बघत होती. "सगळे रेषेच्या आत भरलेत," ती म्हणाली. नऊ वर्षं छपाई तपासणाऱ्या बाईच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नसे. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला मी जायला नको आहे."

"नकोच आहेस," दादा म्हणाला. "पण जा."

सरांनी यादीवर आणि वहिनीच्या पत्रावर सही केली तेव्हा चारला सात मिनिटं होती. नोंदणीताई जिने उतरून गेली आणि चारच्या ठोक्याला तिने काचेमागे यादी लावली. चौथी पायरी, बारा नंबर, पहिलाच सतरा. इंजिनियरने ती वाचली, सगळ्यांना नमस्कार केला आणि प्रतीक्षा यादीत आपला नंबर पुन्हा एकदा तपासून घेतला. काकूंचे बावीसच राहिले. त्यांनी निकाल स्वीकारला, तपास सुरू ठेवला.

वहिनी पत्र घेऊन कारखान्याकडे धावत सुटली, कोटाची बटणं उघडीच.

दादा मागे राहिला. यादीवरचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्याने काचेवर सतराच्या जागी बोट ठेवलं. लोक येत होते, मान वाकडी करून त्याच्या हाताखालून आपापले नंबर शोधत होते. कुणीतरी म्हणालं, भाऊ, जरा बाजूला. तो थोडा बाजूला झाला, बोट न उचलता.